ऑइल फिल्टर निवडताना: मायक्रॉनचा आकडा, दोन व्हॉल्व्ह आणि आटे

एकाच गाडीला बसणारे दोन कंपन्यांचे ऑइल फिल्टर शेजारी ठेवले, तर रंग सोडून फारसा फरक दिसत नाही. मग निवड खोक्यावरच्या मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकड्यावर होते, आणि तो आकडा एकटा वाचला तर काहीच सांगत नाही. ‘२० मायक्रॉनपर्यंत गाळतो’ असं छापलं असेल, तर त्या आकाराचे किती टक्के कण अडतात हे त्यात आलेलंच नाही. निम्मे कण अडवणारा फिल्टरही हे छापू शकतो आणि ९९ टक्के अडवणाराही.

म्हणून कणाचा आकार, टक्केवारी आणि चाचणीचं नाव ही तिन्ही एकत्र दिसली तरच तुलना करावी. चाचणी बहुधा आयएसओ ४५४८-१२ ही असते. तीत ठरावीक प्रतीची धूळ मिसळलेलं तेल फिल्टरमधून पुन्हापुन्हा फिरवतात आणि फिल्टरच्या आधीचे व नंतरचे कण मोजतात. काही ठिकाणी टक्केवारीऐवजी बीटा गुणोत्तर, म्हणजे आधीचे कण भागिले नंतरचे कण, दिलेलं असतं. बीटा २ म्हणजे दोनातला एक कण अडला, अर्थात ५० टक्के. बीटा २० म्हणजे ९५ टक्के. बीटा ७५ म्हणजे साधारण ९८.७. ९५ आणि ९९ हे आकडे जवळजवळचे वाटतात, पण ते उलटे वाचून पाहा: पहिला फिल्टर शंभरातले पाच कण सोडतो, दुसरा एकच. तेल सारखं फिरत असल्याने सुटलेला कण पुढच्या फेरीत अडकू शकतो, त्यामुळे इंजिनात हा फरक थेट पाचपट राहत नाही. तरीही २० मायक्रॉनला जेमतेम ५० टक्के असलेला फिल्टर, दुसरा मिळत असताना घेऊ नये. चालत्या बेअरिंगमधला तेलाचा थर अगदी पातळ, काही मायक्रॉनचाच असू शकतो, आणि त्या जाडीच्या आसपासचे कणच दोन्ही पृष्ठभाग खरवडतात.

गाळणीचा कागद तीन प्रकारचा मिळतो: सेल्युलोज, मिश्र आणि सिंथेटिक. सिंथेटिक तंतू बारीक आणि एकसारखे असतात, त्यामुळे तेलाला फारसा अडथळा न करता ते बारीक कण धरतात आणि कचराही जास्त साठवतात. सेल्युलोज उष्णता आणि तेलातल्या ओलाव्याने हळूहळू कमकुवत होतो. तेल लवकर बदलत असाल तर चांगला मिश्र फिल्टर पुरतो. लांब पल्ल्याचं सिंथेटिक तेल भरून फिल्टर मात्र साध्या कागदाचा लावणं मला पटत नाही.

कागदाची चर्चा सगळे करतात. व्हॉल्व्हकडे कोणी बघत नाही. खरं तर निवड तिथून सुरू व्हायला हवी.

पहिला बायपास व्हॉल्व्ह. थंडीत तेल दाट असताना किंवा कागद तुंबल्यावर गाळणीच्या दोन बाजूंच्या दाबात फरक वाढतो. ठरावीक फरकाला हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळता इंजिनात जातं, कारण तेलच न मिळण्यापेक्षा मळकं तेल परवडलं. उघडण्याचा दाब बहुतेक फिल्टरांत ०.५ ते १.५ बारच्या दरम्यान असतो, पण तो इंजिनानुसार ठरवलेला असतो. फार कमी दाबाला उघडणारा व्हॉल्व्ह रोज सकाळी बराच वेळ न गाळलेलं तेल सोडत राहील. गरजेपेक्षा जास्त दाबाचा असेल तर तुंबलेल्या कागदाच्या घड्या फाटू शकतात. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतो आणि फिल्टरमध्ये नसतो. असा फिल्टर दुसऱ्या इंजिनाला आट्यांनी बसला तरी चालणार नाही. म्हणूनच ‘मापं जुळली, बसला’ एवढ्यावर पर्यायी फिल्टर निवडू नये. कंपनीच्या यादीत गाडीचं मॉडेल, इंजिन आणि वर्ष घालून क्रमांक काढावा. क्रमांकावरून प्रकारही कळतो: माहले कंपनीचा ‘ओसी’ म्हणजे डब्यासकट बदलायचा स्पिन-ऑन, ‘ओएक्स’ म्हणजे फक्त आतली गाळणी बदलायचा कार्ट्रिज, मान कंपनीत तेच ‘डब्ल्यू’ आणि ‘एचयू’.

दुसरा, तेल मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. स्पिन-ऑनच्या तोंडाशी बाहेरच्या वर्तुळात जी छोटी भोकं दिसतात, त्यांच्या आत ही रबरी चकती असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं तेल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरू नये, हे तिचं काम. फिल्टर तोंड वर करून उभा लटकत असेल तर तिची फारशी गरज पडत नाही. आडवा किंवा तोंड खाली असेल तर तीच सगळ्यांत महत्त्वाची. चकती कडक झाली की सकाळी स्टार्ट करताच क्षणभर टकटक ऐकू येते आणि ऑइलचा दिवा नेहमीपेक्षा उशिरा विझतो. नायट्राइल रबर बहुधा काळं असतं आणि उष्णतेने लवकर कडक होतं. सिलिकॉन बहुधा नारिंगी किंवा लाल असतं आणि जास्त काळ मऊ राहतं. रंग ही पक्की खूण नव्हे, म्हणून माहितीपत्रकात साहित्याचं नाव पाहावं. आडव्या फिल्टरसाठी सिलिकॉनच घ्यावं.

आट्यांत एक फसवी जोडी आहे: एम२० × १.५ (व्यास २० मिमी, दोन आट्यांतलं अंतर म्हणजे पिच १.५ मिमी) आणि ३/४-१६. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, आणि इंचाला १६ आटे म्हणजे पिच सुमारे १.५९ मिमी. त्यामुळे एम२०चा फिल्टर इंजिनावरच्या ३/४ इंचाच्या स्टडवर (आट्यांच्या दांड्यावर) चढतो, थोडा घट्टही होतो, पण आट्यांची पकड अर्धवटच असते. थंड स्टार्टला दाब वाढला की तो निसटून तेल काही क्षणांत बाहेर येऊ शकतं. नवा फिल्टर फिरवताना खडखड हलत असेल तर तिथेच थांबा. गॅस्केटचा, म्हणजे तोंडावरच्या रबरी रिंगचा, व्यासही जुन्याशी ताडून पाहावा.

मोठ्या डब्याचा फिल्टर लावावा का? आटे, गॅस्केट आणि बायपास जुळत असतील आणि आजूबाजूला जागा असेल तर हरकत नाही. कचरा धरायची क्षमता वाढते. पण खाली लोंबणारा लांब डबा रस्त्यावरच्या दगडाच्या टप्प्यात येत असेल तर मूळ मापच बरं.

बसवताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबर निघाली का, हे आधी पाहा. ती ब्लॉकला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर दाब येताच दोन्ही सरकतात आणि तेल धारेने उडतं. बसण्याची जागा स्वच्छ कापडाने पुसा, नव्या रिंगला ताज्या तेलाचं बोट फिरवा आणि हातानेच आवळा. रिंग टेकल्यावर बहुतेक फिल्टरांना साधारण पाऊण फेरा पुरतो; डब्यावर वेगळी सूचना असेल तर ती पाळा. पाना फक्त काढायला.

कार्ट्रिजमध्ये चुका वेगळ्या. नवी ओ-रिंग झाकणाच्या नेमक्या खाचेतच बसली पाहिजे. खाच चुकली तर झाकण नीट बंद होतं, पण गळतं. प्लास्टिकच्या झाकणावर टॉर्क (आवळण्याचा जोर) छापलेला असतो, अनेकदा २५ न्यूटन-मीटर. त्यापुढे गेलात तर तडा जातो. गाळणी झाकणात चटकन क्लिक होणारी असेल तर क्लिक होईपर्यंत दाबा. आतली नळी जुन्या गाळणीबरोबर कचऱ्यात गेली तर नवी गाळणी दाबाखाली चेपते आणि तेल न गाळताच पुढे जातं.

तेल भरताना पुस्तिकेतला ‘फिल्टरसह’ हा आकडा धरा. ‘फिल्टरशिवाय’पेक्षा तो थोडा जास्त असतो. इंजिन मिनिटभर चालवा, फिल्टरच्या कडेला गळती पाहा, बंद करून काही मिनिटं थांबा आणि मगच डिपस्टिक बघा.

काढलेला फिल्टर कापून पाहण्याची सवय चांगली. करवतीने कापू नका, तिचा कीस कागदात पडतो आणि निदान फसतं. डबा कापायचं चाकाचं कटर वापरा. घड्या उलगडून चुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड. चकचकीत, न चिकटणारं बहुधा ॲल्युमिनियम. तांबूस असेल तर बेअरिंग किंवा बुशकडे लक्ष द्या. नव्या इंजिनात थोडा कीस चालतो. जुन्या इंजिनात नखाला जाणवतील असे तुकडे असतील तर पुढचं तेल भरण्याआधी चेंबर उतरवून पाहायला हवं.