सांबा डोमेनमध्ये लॉगिन अडतं ते डीएनएस आणि घड्याळापाशी

ऑफिसात वीस-पंचवीस संगणक झाले की प्रत्येक मशीनवर वेगळं खातं सांभाळणं जमत नाही. कुणी नोकरी सोडली की प्रत्येक मशीनपाशी जाऊन त्याचं खातं बंद करायचं, आणि एखादं मशीन राहूनच जातं. सांबा हा मुक्तस्रोत सर्व्हर डिसेंबर २०१२ मधल्या ४.० आवृत्तीपासून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा (सगळी खाती एकाच जागी ठेवणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) डोमेन कंट्रोलर होऊ शकतो, म्हणजे डोमेनमधल्या, त्या खात्यांवर चालणाऱ्या संगणकांच्या गटातल्या, सगळ्यांची लॉगिन तोच तपासतो. छोट्या ऑफिसला एवढं पुरतं. आधी एक मात्र तपासा: विंडोजच्या होम आवृत्तीला डोमेनमध्ये येताच येत नाही, प्रो लागते.

डोमेनचं नाव ठरवताना घाई नको, पुढे ते बदलणं फार जिकिरीचं होतं. शेवटी डॉट लोकल लावू नका, त्याची एमडीएनएसशी (स्थानिक नेटवर्कवर उपकरणांची नावं शोधण्याची पद्धत) टक्कर होते. स्वतःच्या मालकीच्या इंटरनेट डोमेनखाली ‘एडी’ असं उपनाव घ्या. सर्व्हरचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा आणि त्याला कायमचा आयपी द्या.

डेबियन किंवा उबंटूवर पहिली ठेच होस्ट्स फाइलमध्ये (नावं आणि त्यांच्या पत्त्यांची यादी) लागते. सर्व्हरच्या नावापुढे १२७.०.१.१ असा पत्ता इन्स्टॉलरच लिहून ठेवतो. तो काढून तिथे खरा आयपी, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, लिहा, नाहीतर सर्व्हर स्वतःचाच पत्ता चुकीचा समजतो. एसएमबीडी, एनएमबीडी आणि विनबाइंड या सांबाच्या सुट्या सेवा बंद करा, जुनी एसएमबी डॉट कॉन्फ ही सेटिंग्जची फाइल बाजूला ठेवा, मग डोमेन तयार करणारा ‘सांबा-टूल डोमेन प्रोव्हिजन’ हा आदेश चालवा. जुनी फाइल जागेवर राहिली तर प्रोव्हिजन तिच्यावरच अडखळतं. तयार झालेली केआरबी५ डॉट कॉन्फ ही लॉगिनच्या सेटिंग्जची फाइल ईटीसी फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि सांबा-एडी-डीसी ही एकच सेवा सुरू करायची.

आता घोडं खरं पेंड खातं ते डीएनएसपाशी, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेपाशी. डोमेन कंट्रोलर कुठे आहे हे क्लायंट डीएनएसमधल्या एसआरव्ही नोंदींवरून (कोणती सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या) शोधतो, आणि त्या नोंदी फक्त तुमच्या सर्व्हरकडे असतात. म्हणून राउटरच्या डीएचसीपीत (मशीनना पत्ते वाटणारी सेवा) डीएनएस म्हणून फक्त हाच सर्व्हर द्या. ‘असू दे जोडीला’ म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकला की कधीतरी विंडोज त्यालाच विचारतं, ‘असं नाव नाही’ हे उत्तर मिळतं आणि ते खरं मानतं. बाहेरच्या साइट्ससाठी सांबातच फॉरवर्डर (बाहेरची नावं ज्याला विचारायची तो डीएनएस) द्यायचा असतो. फायबरचा राउटर आयपीव्ही६ वरून स्वतःचा डीएनएस वाटत असेल तर तोही बंद करा. ही गोष्ट हमखास नजरेतून सुटते.

हा दोष लगेच दिसत नाही, कारण विंडोज मागची दहा लॉगिन स्वतःजवळ साठवतं. रोजच्या माणसाला सर्व्हर न सापडताही आत जाता येतं, अडतो तो नवा माणूस. खातं बंद केलेल्या माणसालाही नेटवर्कबाहेर नेलेला लॅपटॉप याच कारणाने उघडता येतो. तेव्हा खातं बंद करताना लॅपटॉपही ताब्यात घ्या.

लॉगिन अडण्याचं दुसरं कारण घड्याळ. लॉगिन तपासणारी करबेरॉस ही पद्धत सर्व्हर आणि मशीनच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि लोक पासवर्डला दोष देत बसतात. सर्व्हरवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) बसवा, त्यात वेळेच्या उत्तरांवर सही करणाऱ्या सांबाच्या एनटीपी-साइनडीचा सॉकेट जोडा आणि आपल्या नेटवर्कला परवानगी द्या.

पासवर्डची मुदत मुळात ४२ दिवस, किमान लांबी ७ आणि चुकीच्या प्रयत्नांवर खातं कुलूपबंद होणं बंद असतं. ग्रुप पॉलिसीत (विंडोजची डोमेनभर नियम लावण्याची सोय) हे आकडे बदलून सांबावर एरवी काही होत नाही, ते ‘सांबा-टूल डोमेन पासवर्डसेटिंग्ज’नेच बदलतात. स्कॅनरसाठी केलेल्या खात्याची मुदत आठवणीने काढा, नाहीतर बेचाळीस दिवसांनी स्कॅन फोल्डरमध्ये येणं थांबेल.

बॅकअप म्हणून चालू सर्व्हरचे फोल्डर नुसते कॉपी करू नका. डेटाबेस अर्धवट उतरतो. ‘सांबा-टूल डोमेन बॅकअप’ वापरा, आणि रिस्टोअर करताना सर्व्हरला पूर्वी नसलेलं नवं नाव द्यावं लागतं हे आधीच लिहून ठेवा.