सोलापूर ते मालवण, बॅगेत एक नळी

पहाटे चारला सोलापूर सोडलं. डिकीत शेंगाचटणीचा डबा, कडक भाकऱ्यांची चवड आणि माझ्या बॅगेत अगदी वर ठेवलेला स्नॉर्कल, म्हणजे तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायची नळी. भाऊ गाडीत बसता बसता म्हणाला, "ताई, पाठीवर सिलिंडर असणार की! मग ही नळी कशाला?"

प्रश्न रास्त होता. डायव्हिंग करणाऱ्यांतही यावर दोन तट आहेत. म्हटलं, मंगळवेढा येऊ दे, मग सांगते.

मंगळवेढ्याजवळ आमचं आजोळ. तिथल्या विहिरीत पाठीला डबा बांधून आम्ही पोहायला शिकलो. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. तो तोंडात धरून पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, याची शर्यत लागायची. डोकं जेमतेम बुडलेलं असलं की श्वास नीट यायचा. एकदा मामेभावाने मळ्यातली पाइप घेतली आणि पायरी धरून आणखी खाली गेला. लगेच धडपडत वर आला. म्हणाला, "नळीत हवा आहे गं, पण छातीच फुगत नाही!" मीटरभर खोलीवर छातीच्या दर चौरस सेंटीमीटरवर १०० ग्रॅम जादा भार पडतो, हे आम्हाला कुठं माहीत? नशीब, तो लगेच वर आला. पोरांना हा खेळ कधीच खेळू देऊ नका.

स्नॉर्कल हातभरापेक्षा लांब नसतो तो यासाठीच. ती पृष्ठभागावरची वस्तू आहे. खाली सिलिंडरला जोडलेला, तोंडात धरायचा रेग्युलेटरच लागतो, कारण तो भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने हवा देतो. भावाला एवढं पटलं. "मग वर तर हवाच हवा आहे, तोंड उघडायचं," तो म्हणाला. याचं उत्तर मात्र समुद्रातच मिळतं.

सांगोला, मिरज, कोल्हापूर, राधानगरी, मग फोंडा घाट. ज्वारीचं रान मागे पडून माडांची रांग दिसू लागली तेव्हा दुपार झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत बसलो. समोर सिंधुदुर्ग. १९८७ साली अभयारण्य जाहीर झालेला हा समुद्र. भावाचा पहिलाच डाइव्ह होता. अशा वेळी प्रशिक्षक सिलिंडर धरून सोबत असतो, होडी डोक्यावर असते. तिथे स्नॉर्कल नसला तरी काही अडत नाही, हे मीही मान्य करते.

पण मागच्या वर्षी मी आणि माझी जोडीदार पाण्यातून वर आलो तेव्हा होडी दुसऱ्या गटाकडे गेलेली होती. पाण्याच्या ओढीने आम्ही लांब आलो होतो. सिलिंडरमध्ये ४० बार दाबाचीच हवा उरलेली. हवा राखावी म्हणून रेग्युलेटर काढला, तरंगायचं हवेचं जॅकेट फुगवलं आणि पाठीवर पडून पाय मारू लागले. लाट डोक्याच्या बाजूने यायची आणि थेट नाकातोंडात. खोकला आवरेपर्यंत पुढची लाट. शेजारी जोडीदार तोंड पाण्यात घालून, नळीतून श्वास घेत शांतपणे चालली होती. वेणीत अडकतो म्हणून माझा स्नॉर्कल मी होडीतच ठेवला होता. ती पंधरा मिनिटं मी विसरलेली नाही. घाबरलेला माणूस समुद्रात चुका करतो, आणि मी घाबरले होते.

रेग्युलेटर तोंडातच ठेवला असता तर? १२ लिटरच्या सिलिंडरात २०० बारला २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २५ लिटर धरले तरी वरच्या वर दहा मिनिटं पोहण्यात २५० लिटर जातात. १२ मीटर खाली शांत श्वासाला तेवढी हवा पाच-सहा मिनिटं पुरते. डाइव्हच्या सुरुवातीला होडीपासून जागेपर्यंत पोहायचं असेल, तर ही पाच-सहा मिनिटं कशाला घालवायची?

नको म्हणणाऱ्यांचंही खोटं नाही. रेग्युलेटर उजवीकडून येतो म्हणून स्नॉर्कल मास्कच्या डाव्या बाजूला लावतात. ओढ असली की तो फडफडतो, मास्क ओढला जातो आणि आत पाणी झिरपतं. जाळं, दोर यांत अडकायचंही भय. बुडालेल्या जहाजात किंवा गुहेत शिरणारे तो लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी आता घडी होणारा स्नॉर्कल घेतलाय. खाली जाताना तो जॅकेटच्या खिशात असतो.

होडीवरच्या काकांनी तो पाहून विचारलं, "ही नळी कित्याक गो?" म्हटलं, काका, परत येताना दाखवते.

वर आले तेव्हा वारा सुटला होता. खिशातून नळी काढली, ती हातातच सरळ झाली. मास्कच्या पट्ट्यात खोवली, रेग्युलेटर काढून ती तोंडात धरली आणि एक जोरदार फुंकर. खारं पाणी वरून उडालं, मागोमाग मोकळी हवा आली. लाटा डोक्यावरून जात होत्या. खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा दिसत होता. मी सावकाश पाय मारत होडीपर्यंत आले.

आता भावालाही पूर्ण कोर्स करायचाय. त्यात श्वास न चुकवता रेग्युलेटर काढून स्नॉर्कल तोंडात घ्यायला शिकवतात. परवा सोलापुरात जलतरण तलावावर तो माझी नळी घेऊन उतरला. तिसऱ्यांदाही घोटभर पाणी घशात गेलं तेव्हा मी काठावरून ओरडले, "अरे, 'टू' म्हणत फुंक!" चौथ्यांदा पाणी वर उडालं.