खांदा वाजायचा थांबला

ऑपरेशननंतरचा आज चौदावा दिवस. सकाळी टाके निघाले. उजव्या खांद्यामागच्या तिकोनी हाडाच्या आतल्या कडेला बोटभर उभी शिवण आहे. मला ती दिसत नाही. ताईने मोबाइलवर फोटो काढून दाखवला, तेव्हा दुसऱ्याच कुणाची पाठ बघतेय असं वाटलं.

बायोप्सीचा रिपोर्टही हातात पडला. ऑस्टिओकाँड्रोमा, म्हणजे हाडावरच उगवलेली जास्तीच्या हाडाची गाठ. कॅन्सर नाही. तिच्यावरचं कूर्चेचं आवरण चार मिलिमीटर. मोठ्या माणसात हे आवरण दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलं की डॉक्टर सावध होतात, हे एमआरआयच्या दिवशी कळलं होतं. तेव्हापासून माझा सगळा जीव त्या एका आकड्यात अडकलेला.

हे जास्तीचं हाड बहुधा मी शाळेत असतानाच उगवलं असणार. अशी हाडं अंगाबरोबर वाढतात आणि उंची थांबली की तीही थांबतात. बहुतेकांना ती गुडघ्याच्या आसपास येतात, हाताला लागतात, लवकर कळतात. माझं मात्र त्या तिकोनी हाडाच्या खालच्या अंगाला, बरगड्यांच्या समोर दडून बसलेलं. हात वर नेला की कट्‌. खाली आणला की पुन्हा कट्‌. भाच्याला त्याचं भारी अप्रूप. पाठीवर तळवा ठेवून म्हणायचा, "मावशी, वाजव ना!" मीही वाजवून दाखवायचे. मग हळूहळू दुखायला लागलं आणि तो खेळ बंद पडला.

पुढची दोन वर्षं "स्नायू आखडलाय" यात गेली. पहिल्या डॉक्टरांनी समोरून एक्स-रे काढला. त्यात बरगड्या आणि हे हाड एकावर एक येतात, म्हणून सगळं नॉर्मल. शेक घ्या, उशी बदला, ताण घेऊ नका. त्यांनी एकदा माझ्या पाठीवर नुसता हात ठेवून मला हात हलवायला सांगितलं असतं तर? हा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं, बाजूने फिल्म काढली आणि फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी समोर आलं. सीटी स्कॅनमध्ये तर त्याचा देठसुद्धा दिसला.

तरी ऑपरेशनला मी लगेच हो म्हटलं नाही. शोधाशोध करताना खांद्याच्या दुसऱ्याच एका ऑपरेशनबद्दल वाचनात आलं होतं. खांद्याच्या वरच्या टोकाचं हाड खाली झुकून स्नायूला घासतं म्हणून ते तासायचं, ही पद्धत चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जननी 1972 मध्ये मांडली आणि पुढे ती जगभर रुजली. मग 2018 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास छापून आला. त्यात काही रुग्णांचं हाड तासलं आणि काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. सहा महिन्यांनी दोघांचं दुखणं जवळपास सारखंच! हे वाचल्यावर मी सर्जनना सरळ विचारलं, "माझंही तसंच निघालं तर?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "हाडच गुन्हेगार आहे का ते आधी बघू." सतत घासून घासून हाड आणि बरगड्यांच्या मध्ये पाण्याची पिशवी झाली होती. तिच्यात त्यांनी बधिर करणारं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी हात वर केला तर कट्‌ तसंच, पण दुखणं साफ गेलेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा! चार-पाच तासांनी ठणका परत आला, पण तोवर माझं ठरलं होतं.

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही. पालथं झोपवून हात पाठीमागे वळवतात, म्हणजे ते तिकोनी हाड पंखासारखं उचललं जातं आणि त्याच्या खाली शिरता येतं. गाठ देठापासून, कूर्चेच्या आवरणासकट काढायची, कारण आवरणाचा तुकडा मागे राहिला तर ती पुन्हा उगवू शकते. नंतर बरणीत दाखवली. लिमलेटच्या गोळीपेक्षा थोडी मोठी, एका अंगाने निळसर-पांढरी आणि गुळगुळीत. एवढीशी!

आता चार आठवडे हात झोळीत. दिवसातून तीनदा वाकून, हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. कंटाळवाणं काम आहे, आणि शिवणीच्या भोवतीचा भाग अजून बधिरच वाटतो.

संध्याकाळी भाचा आला. त्याने शिवणीच्या बाजूला अगदी हलकेच तळवा ठेवला. मी कोपर जेमतेम वीतभर पुढे नेऊन मागे आणलं. तो कान देऊन थांबला, मग वैतागून म्हणाला, "मावशी, डॉक्टरांनी आवाज पण काढून घेतला?"