लालीची कड

सोमवार

सोमवारी सकाळी क्लिनिकचा व्हॉइसमेल उघडायचा म्हणजे लोकांचा शनिवार-रविवार ऐकायचा. शुक्रवारी हर्नियाचं ऑपरेशन होऊन त्याच संध्याकाळी घरी गेलेला माणूस शनिवारी दुपारी पट्टी उचलून आत बघतो, घाबरतो आणि निरोप ठेवतो. पहिल्या निरोपात "जरा ओलं लागतंय", दुसऱ्यात "रक्त येतंय", तिसऱ्यात त्याची बायको बोलत असते. खरोखर तातडीचं असेल ते ऑन-कॉल सर्जनकडे आधीच गेलेलं असतं. माझ्या वाट्याला येते ती उरलेली धाकधूक.

मी उलट फोन करते आणि ठरलेले प्रश्न विचारते. ताप मोजला की नुसता हात लावून पाहिला? गॉज किती वेळा बदललं, डाग केवढा होता? शौचाला झाली का? (दुखण्यावरच्या तगड्या गोळ्या पोट पार बांधून टाकतात.) आणि हर्नियाच्या पेशंटला, त्यातही साठीपुढच्या पुरुषांना, लघवी झाली का. ऑपरेशननंतर ती तुंबणं हा नेहमीचा त्रास, आणि दुर्लक्ष केलं तर महागात पडणारा. आपले काका लोक बाईमाणसाला हे सांगायला लाजतात. "हो हो, सगळं नॉर्मल," म्हणतात. मी विचारते, "किती वाजता?" इथे गप्प झाले की काय ते समजायचं.

समजलं तरी निकाल मी द्यायचा नाही. मी एलव्हीएन आहे, लायसन्स्ड व्होकेशनल नर्स. हे नाव कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्येच आहे, बाकी अमेरिकेत याच कामाला एलपीएन म्हणतात. फोनवर ऐकून हे किती गंभीर ते ठरवणं म्हणजे ट्रियाज, आणि ते आरएनचं, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं, काम. मी ऐकायचं, खोदून विचारायचं, लिहायचं आणि आरएनच्या पुढ्यात ठेवायचं. पेशंटला हे कळत नाही, आणि का कळावं? "तुम्हीच सांगा ना, घाबरण्यासारखं आहे का?" असं तो कळवळून विचारतो आणि मला म्हणावं लागतं, "थांबा, दहा मिनिटांत तुम्हाला फोन येईल."

माझं माहेर मिरजेचं. दवाखान्यांचं गाव. तिथे ऑपरेशन झालेल्या माणसाजवळ कुणीतरी घरचं बसलेलं असायचं, सिस्टर चिठ्ठी द्यायच्या आणि ते धावत जाऊन मेडिकलमधून हातमोजे, टाक्यांचा दोरा, सलाईन घेऊन यायचे. लहानपणी मीही अशा चिठ्ठ्या घेऊन पळाले आहे. नर्स होईन असं मात्र वाटलं नव्हतं. बी.कॉम. होऊन इथे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले, आणि मुलगी हायस्कूलला गेल्यावर चाळिशीत अॅडल्ट स्कूलमध्ये नाव घातलं. अभ्यासक्रम १५३० तासांचा, त्यातले ९५४ प्रत्यक्ष पेशंटजवळ. वर्गात माझ्या एका बाजूला फिलिपिनो मुलगी, दुसऱ्या बाजूला काबूलहून आलेल्या एक बाई, ज्या तिकडे शिक्षिका होत्या. मग एनक्लेक्स-पीएन नावाची लायसन्सची परीक्षा, तीत बरोबर उत्तरं देत गेलं की संगणक पुढचा प्रश्न अवघड करत जातो. घाम फुटला की बरं चाललंय म्हणायचं.

दुपारी एक गृहस्थ आले. पोटावरच्या छेदाभोवती लाली, ऑपरेशनला सहा दिवस झालेले. पहिल्या दोन-तीन दिवसांत कडेला गुलाबी दिसतं ते बहुतेक वेळा जखम भरण्याचंच लक्षण असतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर पसरणारी लाली हे वेगळं प्रकरण. चार्टमध्ये "लाल आहे" लिहून कुणाचंच भलं होत नाही. "इन्फेक्शन झालंय" हे मी लिहायचं नाही, ते निदान झालं. मी मोजपट्टी लावली: छेदाच्या खालच्या टोकापासून बाहेर ३ सेंटिमीटर, हाताला गरम, दाबल्यावर दुखतं, पू नाही, वास नाही, ताप ९९.४. मग स्किन मार्करने लालीच्या कडेकडेने रेघ आखली आणि बाजूला तारीख-वेळ घातली. पीएने (फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या हाताखाली तपासून औषध लिहिणारे) येऊन बघितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि लाली रेघेबाहेर गेली तर त्याच क्षणी फोन करा म्हणून सांगितलं. गृहस्थ रेघेकडे बघून म्हणाले, "नकाशाच काढलात की." काढलाच होता.

मंगळवार

छोट्या शस्त्रक्रियांचा दिवस. चरबीच्या गाठी, सिस्ट, एक रुतलेलं नख. हे सगळं क्लिनिकमध्येच, जागच्या जागी बधिर करून होतं. टोचणी सर्जन देतात. मी ट्रे मांडते, पेशंटचा हात धरते, आणि त्याला बोलतं ठेवते.

सुरी लागण्याआधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं. नाव, जन्मतारीख, काय काढायचं, कुठल्या बाजूचं, ॲलर्जी. पेशंट म्हणतो, "अहो, आत्ताच तर सांगितलं." परत सांगा. खांद्यावर दोन गाठी असलेल्या माणसाला पालथं झोपवून निळा कपडा टाकला की डावं-उजवं ओळखणं वाटतं तितकं सोपं राहत नाही. मोठ्या ऑपरेशनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ कलमांची यादी आणली. ती आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली तेव्हा ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. ते काम ज्यांच्या पुढाकाराने झालं त्या अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. वर्गात बाईंनी यादी शिकवायला घेतली तेव्हा आडनाव ऐकून मी उगाचच ताठ बसले होते. विदर्भाशी माझा काडीचा संबंध नाही, पण परदेशात एवढी जवळीक चालते.

काढलेली गाठ फॉर्मालिनच्या डबीत जाते. लेबल डबीच्या अंगावर लावायचं, झाकणावर कधीच नाही, कारण झाकणं बदलू शकतात. आणि लेबल पेशंट खोलीत असतानाच लावायचं, त्याला दाखवून, दोघांनी मोठ्याने वाचून. सर्जन तोवर पुढच्या खोलीत गेलेले असतात. पेशंटच्या दृष्टीने ऑपरेशन संपलेलं असतं. माझ्या मते दिवसातली सगळ्यांत जोखमीची दोन मिनिटं ही असतात. डबी चुकली तर एकाचा कॅन्सर दुसऱ्याच्या नावावर जाईल.

बुधवार

निम्मा दिवस इन्शुरन्सच्या फोनवर. पूर्वमंजुरी हवी, मग फॅक्स मिळाला नाही, मग मिळाला पण एक कोड कमी. फॅक्स! एकविसाव्या शतकात! याबद्दल यापेक्षा जास्त लिहून रोजनिशीही नासवणार नाही.

लालीवाले गृहस्थ परत आले. रेघेच्या बाहेर बोटभर पसरली होती. सर्जननी दोन टाके उघडले, आतून पू आला, नमुना कल्चरला, म्हणजे कुठला जंतू आहे ते बघायला, पाठवला. मग ती पोकळी ओल्या गॉजच्या पट्टीने हलक्या हाताने भरून घेतली. ठासायची नसते, पण कोपराही रिकामा ठेवायचा नसतो. हे रोज घरी करावं लागणार म्हणून त्यांच्या मुलाला शिकवायला बसले. तो वीस-बावीसचा. पहिल्यांदा पांढराफटक पडला, खुर्चीत बसवून पाणी दिलं. दुसऱ्यांदा स्वतः पट्टी भरली. बाप छताकडे बघत म्हणाला, "ह्याला घरात ताट उचलायला सांगितलं तर ऐकत नाही."

सोमवारी रेघ नसती तर आजची चर्चा "वाढली का हो?", "वाटतंय तरी तशी" अशीच झाली असती. सोमवारी ज्यांनी तपासलं ते पीए आज रजेवर, सर्जन पहिल्यांदाच बघत होते, आणि पेशंटला स्वतःचं पोट आरशात उलटं दिसतं. मला निदान करता येत नाही म्हणून मी इतकं बारकाईने मोजते की काय, असा विचार गाडी चालवताना आला. ज्याला ठरवायचा अधिकार असतो तो एका नजरेत ठरवून मोकळा होतो. मला दुसऱ्याला दाखवायचं असतं, त्यामुळे एक नजर पुरत नाही.

गुरुवार

(पेशंटबद्दल ओळख पटेल असं काही लिहायचं नाही, हिपाचा कायदा आहे आणि नसता तरी लिहिलं नसतं. वय, गाव, नाती मी इकडची तिकडे केली आहेत.)

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक काकू. इथे असतानाच पित्ताशय सुजलं, काढावं लागलं, आणि पोटात एक ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणारी नळी, ठेवून घरी सोडलं. प्रवासी विमा काय देणार, काय नाही, या चिंतेने मुलगा अर्धा झालेला. सून कामावरून थेट आलेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच.

मी मराठी बोलते कळल्यावर काकूंनी माझा हात जो धरला तो सोडेनात. "अगं बाई, कुठली तू?" मिरज म्हटल्यावर त्यांची एक चुलत नणंद मिरजेत निघालीच. पण सर्जन आत आले तेव्हा मला मागे व्हावं लागलं. ऑपरेशनची, पुढच्या तपासण्यांची समजूत देणं हे पात्र दुभाष्यामार्फतच व्हायचं, आणि माझ्याकडे ती पात्रता नाही. स्क्रीनवर दुभाषी आल्या. काकू त्यांच्याकडे न बघता दर वाक्याला माझ्याकडे बघायच्या, आणि मी भिंतीकडे. नियम मला पटतो. घाईत मी एखादा शब्द गाळला तर? तरी ती दहा मिनिटं मला अवघड गेली.

सर्जन गेल्यावर ड्रेसिंग उघडलं आणि बघते तर सगळं पिवळंधमक. हळद! सुनेने डोळे मिटून घेतले. काकूंना मात्र कळेना, यात एवढं काय झालं. मी रागावले नाही. आमच्या आजीनेही हेच केलं असतं. एवढंच म्हटलं, "काकू, हळद जेवणात हवी तेवढी घाला. जखमेवर टाकली की मला खालचा रंग दिसत नाही. लाल झालंय का, हिरवट येतंय का, काहीच कळत नाही." हे त्यांना पटलं. जंतूंचं व्याख्यान दिलं असतं तर पटलं नसतं. सलाईनने पुसता पुसता बराच वेळ गेला. खालची कातडी चांगली निघाली.

मग ड्रेन. नळीच्या टोकाला मऊ रबरी फुगा असतो, १०० मिलिलिटरचा. निम्मा भरला की उघडायचा, मापाच्या पेल्यात ओतायचा, आकडा लिहायचा, आणि बूच लावण्याआधी फुगा चपटा दाबून मगच लावायचं, कारण त्या दाबलेपणामुळेच तो आतलं पाणी ओढतो. सूनबाई फुगा न दाबताच बूच लावत होत्या, म्हणून दोन दिवसांचे आकडे कमी दिसत होते आणि सगळे खूश होते. नळीत गाठी अडकल्या असतील तर कातडीजवळ एका हाताने नळी घट्ट धरून दुसऱ्या हाताने खाली निरपत यायचं. हे काकूंनीच पटकन उचललं. मी दाखवायच्या आत त्या म्हणाल्या, "धार काढल्यासारखंच की."

काकू मऊ भाताखेरीज काही खात नव्हत्या. आंबट खाल्लं की पू होतो, डाळ जड पडते, वगैरे. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर तेल-तूप बेताचं आणि प्रथिनं भरपूर असं लिहिलं होतं, पण त्यात चिकन ब्रेस्ट आणि ग्रीक योगर्ट. काकू माळकरी. कागदावरचं तेच मी त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं: पातळ मुगाचं वरण, साय काढलेल्या दुधाचं दही, घरचं पनीर. सुनेने लिहून घेतलं. फुगा नीट दाबल्यावर खरा आकडा कळेल. तो सलग दोन दिवस ३० मिलिलिटरच्या आत आला की ड्रेन काढायचा विचार करू, असं सर्जननी सांगितलं आहे. सूनबाईंनी वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ता केला आहे. अशा सुना असल्या की मी निर्धास्त.

शुक्रवार

सकाळी एकाचे स्टेपल काढले. चिमट्याची खालची पाती स्टेपलखाली सरकवायची, दाबलं की मधे वाकून दोन्ही टोकं वर येतात. एकाआड एक काढायचे आणि थांबून बघायचं. कड सुटत असेल तर उरलेले तसेच ठेवून डॉक्टरांना बोलवायचं. लोकांना वाटतं फार दुखेल, निम्मे झाल्यावर विचारतात, "सुरुवात केली का?"

संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत एका बाईंनी विचारलं, "म्हणजे तू पूर्ण नर्स नाहीस?" प्रश्न नवीन नाही. आरएनपेक्षा माझा पगार बराच कमी आहे, हे खरं. सर्टिफिकेट असल्याने मी सलाईन लावू शकते, पण शिरेतून औषध देऊ शकत नाही, हेही खरं. मी त्यांना "नाही" म्हटलं आणि चहा घेतला. पूर्वी अर्धा तास समजावत बसायचे.

घरी लेकीने तोच विषय काढला, वेगळ्या बाजूने. कॅलिफोर्नियात एलव्हीएनला कॉलेजची ३० युनिटं (क्रेडिट) करून आरएनच्या परीक्षेला बसता येतं, तिने सगळं शोधून ठेवलं होतं. पण त्यात पदवी मिळत नाही, आणि दुसऱ्या राज्यात ते लायसन्स चालेलच असं नाही. शिवाय आमच्या आरएनचा दिवस मी बघते. हुशार बाई, पण कानाला फोन आणि समोर दोन स्क्रीन. जखम तिला माझ्या वर्णनातूनच दिसते. पगारासाठी कदाचित करीनही. पण या वर्षी नाही.

या वर्षी लायसन्सचं नूतनीकरण आहे. दर दोन वर्षांनी ३० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, आणि ते सगळे तास मी जखमांच्या कोर्सलाच देणार आहे. स्टोमाच्या (शौच किंवा लघवी बाहेर येण्यासाठी पोटावर केलेल्या वाटेच्या) देखभालीचा एक वर्ग मंगळवारी रात्री आठला असतो. म्हणजे मंगळवारची पोळी-भाजी यांच्याकडे. आत्ताच सांगून ठेवलंय.