ॲक्टिव्ह रांग तुंबली, आणि बोळा मीच घातला होता

मागच्या नोंदीत मोठ्या दिमाखात लिहिलं होतं की माझ्या सर्व्हरवर वार्तापत्राच्या मेलींची रांग तुंबण्याचा प्रश्न सुटला. शब्द मागे घेतो. शनिवारी अंक सोडला आणि त्यानंतर एका मित्राला पाठवलेली दोन ओळींची मेल ४९ मिनिटांनी बाहेर पडली. त्याचा सर्व्हर तोवर रिकामाच बसला होता.

मांडणी तीच आहे: १ जीबी मेमरीचं यंत्र, त्यावर मेल पाठवणारा पोस्टफिक्स हा प्रोग्राम, सहा हजार सभासद, आणि व्हर्पमुळे (प्रत्येक सभासदासाठी परतीचा पत्ता वेगळा ठेवायची पद्धत) प्रत्येकाला स्वतंत्र मेल. त्यातले साधारण ४,१०० पत्ते एकाच मोठ्या सेवेवर. तिथून ४२१ (‘आत्ता नको, नंतर या’ असा तात्पुरता नकार) यायला लागले की पोस्टफिक्स त्या डोमेनला मेलेलं धरतं आणि उरलेला गठ्ठा डिफर्डमध्ये, म्हणजे नंतर पुन्हा प्रयत्न करायच्या रांगेत, टाकतं. बॅकऑफ, म्हणजे थांबायची मुदत, संपला की सगळी जत्रा पुन्हा एकदम दारात. म्हणून मी त्या सेवेसाठी ‘हळू’ नावाचा वेगळा ट्रान्सपोर्ट, म्हणजे मेल पोचवायचा मार्ग, केला होता आणि त्याला १ सेकंदाचा रेट डिले, म्हणजे दोन डिलिव्हऱ्यांमधली सक्तीची विश्रांती, लावला होता. ४२१ थांबले आणि मी पाठ थोपटून घेतली.

या वेळी तीन संध्याकाळी वाया गेल्या. आधी डिस्कवर संशय घेतला, मग डीएनएसवर, मग स्पॅम गाळणाऱ्या मिल्टरवर. बिचारा मिल्टर तर एक रात्र बंदच ठेवला. मध्ये दर पाच मिनिटांनी क्यू फ्लश (रखडलेल्या मेली लगेच पुन्हा पाठवायला लावणारी कमांड) मारत होतो, तो गाढवपणा वेगळाच. कारण ॲक्टिव्हमध्ये (आत्ता पाठवायला घेतलेल्या मेलींची रांग) जागा झाली की रांगा सांभाळणारा क्यू मॅनेजर इनकमिंग (नव्या मेलींची रांग) आणि डिफर्डमधून आळीपाळीने एकेक मेल उचलतो. फ्लश करून मी जुन्या रखडलेल्या मेलींना नव्या मेलींच्या बरोबरीने रांगेत घुसवत होतो.

उत्तर लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. प्रत्येक मेलच्या ओळीत ‘डिलेज’पुढे उशिराचे चार आकडे (सेकंदांत) असतात, ते आपण सगळेच बघतो, पण मी फक्त बेरीज बघत होतो. मित्राच्या मेलची ओळ अशी: २९३८/०.०२/०.६/१.१. वार्तापत्राच्या एका मेलची अशी: ०.३/२१०७/०.४/१.८. पहिला आकडा क्यू मॅनेजरने हात लावण्याआधीचा वेळ, दुसरा त्याच्या ताब्यातला, तिसरा जोडणीचा, चौथा प्रत्यक्ष पाठवण्याचा. म्हणजे वार्तापत्र ॲक्टिव्हमध्ये पाय पसरून बसलं होतं आणि मित्राची मेल ॲक्टिव्हपर्यंत पोचलीच नव्हती. ती इनकमिंगमध्ये दाराबाहेर उभी होती. पहिला आकडा फुगला की डिस्क मंद, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

मग क्यूशेप (रांगेत कुठल्या डोमेनच्या किती मेली किती वेळ आहेत ते दाखवणारं साधन) ॲक्टिव्हवर चालवलं. एकूण बरोबर २,०००, त्यातले १,९८७ त्या एका डोमेनचे. हा गोल आकडा बघूनच पोटात गोळा आला. ॲक्टिव्हची मूळ मर्यादा २०,००० असते. मेमरी वाचवायची म्हणून दोन वर्षांपूर्वी ती २,००० वर आणणारा महाभाग मीच, आणि त्यावर एक नोंदही लिहिली होती. शोधून वाचू नका.

वेगळा ट्रान्सपोर्ट केला म्हणजे रांग वेगळी झाली, हा माझा मूळ गैरसमज. ट्रान्सपोर्टने मेल पोचवणाऱ्या प्रोसेस वेगळ्या होतात, ॲक्टिव्ह सगळ्यांची एकच राहते. खिडकी वेगळी काढली तरी थांबायची खोली तीच. त्यात रेट डिलेमुळे त्या डोमेनला एका वेळी एकच डिलिव्हरी जाते, आणि तो सेकंद आधीची डिलिव्हरी संपल्यावर मोजला जातो. मेलमागे साधारण तीन सेकंद धरले तर ४,१०० मेलींना ३ तास २५ मिनिटं. मित्राची मेल ४९ मिनिटांत सुटली हे नशीबच म्हणायचं.

मर्यादा परत २०,००० केली तर या अंकापुरतं भागतं. केलीच. मेमरीला काही झालं नाही, दोन वर्षं उगाच घाबरलो. पण सभासद वाढले की पुन्हा तेच, म्हणून पोस्टमल्टी वापरून पोस्टफिक्सचा दुसरा इन्स्टन्स, म्हणजे स्वतंत्र चालणारी दुसरी प्रत, उभा केला. ही सोय पोस्टफिक्स २.६ पासून आहे आणि मी तिला आजवर मोठ्यांचा खेळ समजत होतो. पाऊण तासात झालं. वार्तापत्राचा प्रोग्राम आता लोकलहोस्टवरच्या (त्याच यंत्रावरच्या) वेगळ्या पोर्टवर मेल देतो, त्या इन्स्टन्सचं स्पूल (मेली ठेवायची जागा) वेगळं, क्यू मॅनेजर वेगळा. रविवारी जुना अंक चाचणीच्या पत्त्यांवर सोडून तिथली ॲक्टिव्ह मुद्दाम तुंबवली आणि मुख्य इन्स्टन्सवरून स्वतःला मेल टाकली. डिलेजचा पहिला आकडा ०.०८. चहा गार झाला तरी ती ओळ बघत बसलो होतो.

जाता जाता, एकूण रांगेचा आलेख काढणारे ते चकचकीत डॅशबोर्ड मी काढून टाकले. ‘रांगेत ४,०००’ यावरून काय कळतं? कुठल्या रांगेत, कुणासाठी, किती वेळ, हे क्यूशेप एका पानात सांगतं, दिसायला कितीही जुनाट असलं तरी. बारकाईने खोदायचं असेल तर पोस्टफिक्स ३.१ पासून पोस्टक्यू ही कमांड जेसनमध्येही (प्रोग्रामला वाचता येईल अशा रूपात) यादी देते.

हे लिहितानाच पडताळणीसाठी जुने ४२१ पुन्हा उघडले, आणि आता डोक्याला हात लावून बसलोय. त्यातल्या बहुतेक ओळींत तक्रार वेगाची नाहीच. एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे माझ्या एकाच यंत्रावरून) एकाच वेळी फार जोडण्या येतात, असं ते म्हणतायत! म्हणजे रेट डिले हे औषधच चुकीचं होतं. समांतर डिलिव्हरीची मर्यादा मुळात २० असते, ती ‘हळू’साठी २ केली की पुरे. रांगेत माल असला की पोस्टफिक्स उघडी जोडणी पुन्हा वापरतं, ते वेगळंच फावेल.

तेव्हा आधी ठरवलं होतं की रेट डिले नव्या इन्स्टन्समध्ये तसाच न्यायचा, ते रद्द. तो आत्ताच काढला, मर्यादा २ केली, रीलोड दिला. पुढचा अंक शनिवारी. तोपर्यंत फ्लशच्या कमांडला हात लावणार नाही. क्यूशेपचे आकडे आले की टाकतो, वाईट आले तरी.