आमची वाटचाल : आधी माप, मग ताकद

नागपुरात नायट्रो ट्रकचे, म्हणजे नायट्रो इंधनावर धावणाऱ्या रिमोट कंट्रोलच्या छोट्या ट्रकचे, इंजिन बदलायचे असेल तर लोक आमचे नाव घेतात, आणि ही ओळख आम्ही केवळ योग्य इंजिन निवडून देण्याच्या जोरावर मिळवलेली आहे. हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहून ठेवतो, कारण मधल्या काळात आमच्याविषयी गावभर जे बोलले गेले त्यात नेमकी हीच बाब वगळण्यात आली होती, आणि ज्यांनी ती वगळली त्यांनी आजवर आपले शब्द मागे घेतलेले नाहीत.

गोकुळपेठेतल्या एका छोट्या गाळ्यात आम्ही दोघांनी हे काम सुरू केले. माझा भागीदार हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करीत असे आणि पाळी संपली की थेट दुकानात येत असे. त्या वेळी शहरात जे नायट्रो ट्रक होते ते बहुतेक परदेशातून कुणा नातेवाइकाने आणलेले असत. ट्रॅक्ससचा टी-मॅक्स आणि एचपीआयचा सॅव्हेज ही त्यातली नेहमीची नावे. ट्रक यायचा, पण त्याचे इंजिन झिजले की तेच इंजिन पुन्हा मिळेल याची शाश्वती नसायची, आणि मग पर्यायी इंजिन शोधण्याची वेळ यायची. टी-मॅक्स १९९९ मध्ये आला तेव्हा त्यात ०.१५ घनइंचाचे, म्हणजे आपण ज्याला पंधराचे म्हणतो ते इंजिन होते. पुढे त्याच नावाखाली २.५ सीसीचे आणि नंतर ३.३ सीसीचे इंजिन आले. सॅव्हेज एकवीसच्या, म्हणजे ०.२१ घनइंचाच्या, इंजिनापासून सुरू होऊन ५.९ सीसीपर्यंत गेला. त्यामुळे ‘टी-मॅक्सला बसणारे इंजिन द्या’ एवढ्याच मागणीवर आम्ही कधीही ऑर्डर घेतली नाही. ट्रक समोर ठेवा, जुने इंजिन उतरवू द्या, मग बोलू, असे माझा भागीदार पहिल्या दिवसापासून सांगत आला.

त्याच्या या आग्रहातूनच आमची मापवही तयार झाली. लाल कापडी बांधणीची, दुकानदार जमाखर्चासाठी वापरतात तशी ती वही आहे, आणि दुकानात आलेल्या प्रत्येक ट्रकची मापे तिच्यात त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेली आहेत. माउंटच्या, म्हणजे इंजिन चेसिसला धरून ठेवणाऱ्या आधाराच्या, भोकांमधले अंतर, माउंटच्या बुडापासून क्रँकशाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, क्रँककेसच्या नाकापासून पुढे शाफ्ट किती निघतो, त्यावर आटे कोणते आहेत, शाफ्ट लांब आट्यांचा आहे की टोकाला आतून आटे असलेला एसजी, हे सगळे आधी. शाफ्ट जुळला नाही तर जुने फ्लायव्हील (शाफ्टवरचे जड चाक) आणि क्लच बेल (क्लचवरची दातेवाली वाटी) दोन्ही निरुपयोगी ठरतात, आणि क्लच बेल जरी बसली तरी ती स्पर गिअरच्या, म्हणजे चाकांकडे जोर नेणाऱ्या मोठ्या गिअरच्या, रेषेत येत नाही. त्यानंतर सायलेन्सरची दिशा येते. धूर बाजूने निघणारे इंजिन मागून धूर काढणाऱ्या चेसिसमध्ये घातले, तर मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, टाकीला किंवा शॉक टॉवरला भिडतो. मग सुरू करण्याची पद्धत, म्हणजे दोरी, मागून रॉड घालून फिरवायचे स्टार्टर, की स्टार्टर बॉक्सवर ठेवायचे इंजिन; कारण बॅकप्लेट, म्हणजे इंजिनाचे मागचे झाकण, त्यानुसार बदलते. कार्ब्युरेटर सरकणारा आहे की फिरणारा, हेही पाहावे लागते, नाही तर सर्व्होचा, म्हणजे थ्रॉटल ओढणाऱ्या छोट्या मोटरचा, दांडा एका दिशेने ओढतो आणि थ्रॉटलचा हात दुसऱ्या दिशेने चालतो. सगळ्यात शेवटच्या रकान्यात कार्ब्युरेटरच्या गळ्याचा बाहेरचा व्यास लिहिलेला असे. हा रकाना कशाला, असे मी एकदा विचारले होते. फिल्टर बसायला हवा ना, एवढेच तो म्हणाला.

अवजारांच्या बाबतीत आम्ही कधी काटकसर केली नाही. मिटुटोयोचा व्हर्नियर भागीदाराने स्वतःच्या पगारातून घेतला आणि तो अजूनही त्याच निळ्या मखमलीच्या पेटीत राहतो. फ्लायव्हील काढायला आमच्याकडे पुलर आहे. हातोडीने ठोकून फ्लायव्हील काढणारा माणूस पुढचे बेअरिंग आणि शाफ्टचे टोक या दोन्हींचे वाटोळे करतो, आणि पुष्कळ ‘बिघडलेली’ इंजिने अशीच बिघडवलेली असतात. मागचे बेअरिंग बदलायचे असेल तर क्रँककेस ओव्हनमध्ये तापवावी. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे लाकडी फळीवर हलके आपटताच बेअरिंग आपोआप खाली पडते. आणखी एक गोष्ट, विचारली नसली तरी सांगतो. नवे इंजिन घेण्याआधी जुने खरोखर संपले आहे का, हे पाहावे. गार असताना सुरू होते, गरम झाल्यावर बंद पडते आणि निवेपर्यंत पुन्हा लागत नाही, असे होत असेल, आणि ग्लो प्लग, म्हणजे इंधन पेटवणारा तारेचा प्लग, काढून फ्लायव्हील हाताने फिरवताना पिस्टन वरच्या टोकाला जराही अडत नसेल, तर स्लीव्ह (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) आणि पिस्टन झिजले आहेत. पण आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता, आवाज आपोआप चढत असेल, तर बॅकप्लेटपाशी किंवा कार्ब्युरेटरच्या बुडाशी हवा शिरत असण्याचा संभव अधिक आहे, आणि ते सीलंटच्या एका ट्यूबमध्ये भागते. इंजिन घ्यायला आलेल्या कितीतरी लोकांना आम्ही ती ट्यूब देऊन परत पाठवले आहे.

पुढची काही वर्षे काम चांगले चालले. त्यानंतर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, दुसऱ्या कोणाचे दुकान उघडले.

त्या दुकानाचे नाव मी घेणार नाही, पण त्यांचा माल काय होता ते लिहिणे भाग आहे. कोणत्याही ओळखीच्या ब्रँडचा शिक्का नसलेली अठ्ठावीसची इंजिने, म्हणजे साधारण ४.६ सीसीची, ते आमच्या एकवीसच्या इंजिनापेक्षा कमी किमतीत देत, आणि ट्रक कोणताही असो, त्यात तेच बसवून देत. भोके जुळली नाहीत तर माउंट कानशीने घासून भोके लांबट करीत. पंधराच्या इंजिनासाठी बनवलेल्या ट्रकमध्ये अठ्ठावीसचे इंजिन पहिल्या रविवारी भन्नाट पळते, यात शंका नाही. मैदानावर आमचे गिऱ्हाईक ते पाहत आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन, तुम्ही आम्हाला लहान इंजिन का दिले, असा जाब विचारत. डिफरन्शिअल आणि टू-स्पीडचे गिअर तेवढ्या जोरासाठी केलेले नाहीत, टाकीतही तेवढे इंधन मावत नाही, हे आम्ही सांगत राहिलो आणि लोक निघून जात राहिले.

गिऱ्हाईक जाणे हा धंद्याचा भाग आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. स्पर गिअर दाते गाळू लागले आणि मग ती इंजिने एकामागून एक जाम होऊ लागली, तेव्हा त्या दुकानातून सांगण्यात आले की दोष आमच्या इंधनाचा आहे, त्यात तेल कमी असते. नायट्रो इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण. इंजिनाला वंगण त्या तेलातूनच मिळते, त्यामुळे तेल कमी असल्याचा आरोप ऐकून कोणीही हात आखडता घेणारच. ज्वलनशील असल्यामुळे ते विमानाने येत नाही, म्हणून आम्ही रस्त्याने मोठा साठा एकदम मागवत असू, आणि दुकानाचे भाडे त्या विक्रीवर निघत असे. ती विक्री थांबली. सीलबंद कॅन गाळ्याच्या मागच्या भिंतीला रांगेने तसेच पडून राहिले. काही महिने भागीदाराने ओव्हरटाइमच्या पैशांतून भाडे भरले आणि घरी त्याचा उल्लेखही केला नाही. गाळा सोडण्याविषयी मालकाशी माझे बोलणे झालेले होते.

अशा वेळी कामठीचे काका आले. त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, आणि नातवासाठी घेतलेल्या ट्रकपायी ते स्वतःच या छंदात ओढले गेलेले आहेत. त्यांच्या पुतण्याने बर्डीवरून अठ्ठावीसचे इंजिन बसवून घेतले होते, त्यात आमचेच इंधन घातले होते आणि ते जाम झाले होते. काकांनी ट्रक, उरलेला कॅन आणि बिल हे तिन्ही टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “भाऊ, पहिले कारण सांगा. दोष तुमच्या फ्युएलचा निघाला तरी सांगा, मी ऐकून घेईन.”

भागीदाराने त्यांच्यासमोर ते इंजिन उघडले. ग्लो प्लगची तार शाबूत आणि चकचकीत होती. इंजिन लीन, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त अशा, मिश्रणावर तापून गेले असते तर ती करडी पडली असती किंवा वाकडी झाली असती. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला बोट लावले तर बोटाला तेल लागत होते. स्लीव्हवर मात्र वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा होत्या, एक्झॉस्टच्या खिडकीपाशी क्रोम उडून पितळ दिसत होते, आणि क्रँककेसच्या तळाशी तेलात कालवलेला करडा, करकरीत गाळ होता. कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या आत आपल्याकडच्या काळ्या मातीची मैद्यासारखी भुकटी बसलेली होती. मग त्याने फिल्टर हातात घेतला. जुन्या इंजिनाची रबरी कोपरी नव्या कार्ब्युरेटरवर चढवलेली होती, पण नव्याचा गळा जुन्यापेक्षा बारीक होता. केबल टाय करकचून आवळल्यामुळे रबराला चुणी पडली होती आणि त्या चुणीखाली नख शिरेल एवढी फट होती. त्या फटीतून मैदानाची धूळ सरळ आत जात होती. भागीदाराने मापवही उघडून तो शेवटचा रकाना काकांना दाखवला.

काका मोठ्याने काही बोलले नाहीत. ती स्लीव्ह आणि ती कोपरी त्यांनी मागून घेतली, स्टीलच्या डबीत ठेवली आणि पुढचे कितीतरी रविवार ते ती डबी घेऊन मैदानावर येत राहिले. ज्याला शंका असेल त्याच्यापुढे डबी उघडत आणि त्यालाच त्याच्या फिल्टरची कोपरी तपासायला लावत. बहुतेकांना तीच फट सापडली. लोक जाम झालेली इंजिने घेऊन आमच्याकडे येऊ लागले, पडून राहिलेले कॅन नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, आधी संपले, आणि गाळा आमच्याकडेच राहिला. त्या ऋणाची परतफेड म्हणून काकांच्या ट्रकचे काम आम्ही कायम आधी करतो, आणि रांगेतल्या कोणी कधी हरकत घेतलेली नाही.

बर्डीच्या दुकानाने मात्र इंधनाविषयीचे ते शब्द कधी मागे घेतले नाहीत. उलट काही काळाने त्यांच्या भिंतीवर मापांचा एक छापील तक्ता लागला. सायलेन्सर मागे असेल तर माझा भागीदार ‘मा’ लिहितो आणि बाजूने असेल तर ‘बा’. त्या तक्त्यात तीच ‘मा’ आणि ‘बा’ होती, त्याच क्रमाने, आणि सॅव्हेजच्या ज्या ओळीत त्याने माप खोडून दुरुस्त केले होते तिथे खोडलेले माप छापलेले होते. मापवही आम्ही कोणापासून लपवून ठेवत नाही. एक तरुण बराच वेळ ती चाळत बसला होता आणि मोबाइलवर फोटो काढत होता, हे मला आठवते. मागितली असती तर दिली असती. ते दुकान आता नाही, पण तो चुकीचा आकडा अजूनही लोकांच्या मोबाइलमध्ये फिरतो आणि त्यानुसार मागवलेली इंजिने आमच्याकडे परत येतात, म्हणून हे लिहावे लागले.

पुढे ब्रशलेस मोटरी आणि लिपो बॅटऱ्या आल्या, आणि बरेच लोक तिकडे वळले. जे नायट्रोवर राहिले त्यांना इंजिनाचा आवाज आणि नीडल, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू, लावण्यातले समाधान हवे असते, आणि तेवढे काम आम्हाला पुरते.

इंजिन निवडायला येताना जुने इंजिन फ्लायव्हील, क्लच बेल, मॅनिफोल्ड आणि फिल्टरच्या कोपरीसह आणावे. नुसता फोटो पाठवू नये. मूळ इंजिनाच्या जवळच्या आकाराचेच इंजिन घ्यावे, आणि मोठे हवेच असेल तर गिअर, डिफरन्शिअल व टाकी यांचा खर्च आधी मांडावा. बसवताना क्लच बेल आणि स्पर गिअर यांच्यामध्ये कागदाची पट्टी ठेवून माउंट आवळावे, म्हणजे दात्यांमध्ये योग्य तेवढी जागा राहते. नवे इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी हेड हेअर ड्रायरने तापवून घ्यावे, कारण गार स्लीव्हमध्ये पिस्टन घट्ट अडतो आणि सगळा ताण कनेक्टिंग रॉडवर येतो. डिसेंबरमध्ये हवा दाट असते, त्यामुळे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत लावलेली नीडल थंडीत तशीच ठेवली तर मिश्रण लीन होते. ती थोडी उघडून टेंपरेचर गनने हेड पाहावे आणि तापमान साधारण १०० ते १२५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावे. काम संपल्यावर टाकी रिकामी करून आफ्टर-रन तेलाचे थेंब घालावेत, कारण मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि बेअरिंगला गंज चढतो. माप घेण्याचे आम्ही पैसे आकारत नाही, आणि भागीदार आता निवृत्त झाल्यामुळे सकाळपासूनच दुकानात असतो.