स्वतःची गाडी नाही, तरी दोरी माझ्याच डिकीत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्हीच नाही, दरवेळी कोणीतरी विचारतंच, आणि विचारताना चेहऱ्यावर थोडं हसू असतं. प्रश्न असा की बाबा रे, तुझ्याकडे स्वतःची पद्मिनी, म्हणजे ती जुनी फियाट गाडी, नाही, कधी नव्हती, तू येतोस वॅगनआर घेऊन, मग दरवर्षीच्या फेरीसाठी ह्या सगळ्या फियाटवाल्यांना गोळा करणं, रूट ठरवणं, चहावाल्याला आदल्या रात्री फोन करणं, हे सगळं तूच का करतोस?

एक सोपं उत्तर आहे. ज्यांच्याकडे गाडी असते ते गाडीत गुंतलेले असतात. पहाटे साडेपाचला चोक ओढून सेल्फ मारणारा माणूस बाकी कशाच्याच लायकीचा नसतो, त्याचं सगळं लक्ष त्या आवाजाकडे. मग मागून कोणीतरी टोचनची, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढायची दोरी, पाण्याचे कॅन आणि जुनी फडकी घेऊन चालवत यायला लागतं ना. फडकी कशाला? तर उन्हात गाडी तापली की पेट्रोलची पंपातच वाफ होते, कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही आणि गाडी मान टाकते. मग पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि गप्पा मारत दहा मिनिटं थांबायचं. ज्यांच्या घरी फियाट होती त्यांना हे सांगावं लागत नाही, त्यांनी लहानपणी खंडाळ्याच्या घाटात हेच केलेलं असतं.

पण हे उत्तर अर्धंच आहे. खरं कारण माझे बाबा.

बाबा कुर्ल्याला प्रीमियरमध्ये, म्हणजे ह्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात, फिटर होते. 1971 ला लागले. तेव्हा गाडीचं नाव पद्मिनी नव्हतं, फियाट 1100 डिलाइट म्हणायचे, 1964 पासून ती तिथे बनत होती. 1974 च्या सुमारास पद्मिनी नाव आलं, पण लोकांनी शेवटपर्यंत फियाटच म्हटलं, टॅक्सीवालेसुद्धा फियाटच म्हणायचे. आमच्या घरात मात्र पद्मिनीच. कोणी फियाट म्हटलं की बाबा फक्त बघायचे. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये कंपनी काढली, आधी तिथे डॉज आणि प्लिमथ जोडायचे, मग फियाट आली, हे आम्हाला शाळेतल्या इतिहासाच्या आधी पाठ होतं.

बाबांचं काम दारं. चार दारं बसवायची, बिजागरीला चकती घालून किंवा काढून फट सारखी करायची, रबराचं बिडिंग नीट बसलंय का बघायचं आणि शेवटी दार लावून आवाज ऐकायचा. वर्षानुवर्षं हेच. घरी लोखंडी कपाटाचं दार कोणी आपटलं की आतल्या खोलीतून ओरडायचे, "बिजागरी ढिली झालीय त्याची!" आणि झालेली असायचीच.

एवढी दारं लावली पण गाडी कधी घेतली नाही. घेता आली नाही म्हणणं जास्त बरोबर. एक तर पैसे नव्हते, आणि पैसे असलेल्यांनासुद्धा तेव्हा बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं. मग 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि हळूहळू त्या रांगाच गेल्या. रांग गेली तेव्हा बाबांना आनंद झाला नाही, ते मला फार नंतर कळलं.

आता गाडीबद्दल खरं बोलायचं तर, आणि हे मी आमच्या मंडळींसमोर बोललो की शिव्या खातो, पद्मिनी काही भारी गाडी नव्हती. 1089 सीसीचं इंजिन, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, स्टिअरिंग वळवताना खांदा दुखायचा. मूळ डिझाइन इटलीतलं, तिकडे ती 1966 लाच बंद झाली आणि आपण मात्र जवळपास 2000 पर्यंत थोडेफार बदल करून तीच बनवत राहिलो. ह्यात अभिमान किती वाटून घ्यायचा आणि लाज किती हे ज्याचं त्याने ठरवावं, मी दोन्ही थोडं थोडं वाटून घेतो. पण पत्रा जाड होता आणि कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि तारेचा तुकडा एवढ्यावर ती चालू करून द्यायचा. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना तेवढंच हवं होतं. सीएनजी आल्यावर तर डिकीत सिलिंडर बसला आणि सगळं सामान वरच्या कॅरिअरवर गेलं, तरी ती चालत राहिली.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली, म्हणजे 2023 च्या ऑक्टोबरच्या शेवटी काळ्यापिवळ्या पद्मिनीचा हिशोब संपणार हे आधीच माहीत होतं. 29 ला रविवार होता. आमच्यातला एकजण म्हणाला, त्याच दिवशी निघू या, सगळ्यांनी, कुर्ल्यापासून. श्रद्धांजली हा शब्द कोणीतरी वापरला आणि त्यावर दोन दिवस भांडण झालं, कारण ज्यांच्या खाजगी गाड्या अजून पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून पळतात त्यांचं म्हणणं, आमची जिवंत आहे, श्रद्धांजली कसली. मग डुक्कर फियाटवाल्यांना घ्यायचं का ह्यावर अजून एक भांडण. (घेतलं. ती पद्मिनीची मोठी बहीण, पुढची दारं उलटी उघडणारी, तिला कसं नाही म्हणणार.)

सतरा गाड्या आल्या. पहाटे सहाला प्रीमियर रोडला जमलो. कारखाना कधीच गेला, आता तिथे उंच बिल्डिंगा आहेत, रस्त्याला नाव तेवढं राहिलंय. एक टॅक्सीवाले चाचा विदाउट टॅक्सीच आले, खाकी शर्ट घालून. म्हणाले गाडी दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली, मैं अकेला आऊं तो चलेगा क्या. पिशवीतून त्यांनी जुना मीटर काढला, हाताने पाडायचा लोखंडी. एका पांढऱ्याशुभ्र गाडीच्या मालकाला सांगून आम्ही तो बोनेटवर ठेवला, खाली टॉवेल घालून, कारण पेंट नवीन होता आणि मालकाचा जीव वरखाली होत होता.

बाबांना मी घेऊन गेलो होतो. यायला तयार नव्हते, म्हणाले मी काय करू तिथे, ती सगळी मालक लोकं. पण आले. आणि तिथे आल्यावर त्यांनी काय केलं, तर एकेक गाडीपाशी जाऊन विचारायचं, "लावून बघू का?" आणि दार लावायचं. उघडायचं, परत लावायचं. सतरा गुणिले चार. सुरुवातीला लोक हसले, मग मागे मागे फिरायला लागले. एका करड्या गाडीपाशी थांबले, मागचं डावं दार तीनदा लावलं आणि मालकाला म्हणाले, "हे दार ह्या गाडीचं नाही." मालक जरा तडकला, म्हणाला काका, सगळं ओरिजनल आहे, माझ्या वडिलांनी शोरूममधून घेतलेली. बाबा काही बोलले नाहीत, पुढच्या गाडीकडे गेले. भायखळ्याला चहाला थांबलो तेव्हा तो माणूस स्वतः आला. घरी आईला फोन लावून विचारलं होतं त्याने. तो दोन वर्षांचा असताना मागून ट्रक लागला होता, दार कुठल्यातरी गॅरेजवाल्याने दुसऱ्या गाडीचं आणून बसवलं, त्याला आयुष्यभर पत्ता नव्हता.

"गॅरेजवाल्याने बरं बसवलंय," बाबा म्हणाले. "चकती एक जास्त घातलीय फक्त."

तेव्हापासून दरवर्षी बाबांना गाड्यांच्या आधी आमंत्रण जातं. म्हणून हे सगळं मी करतो.

पुढचा प्रश्न असतोच, मग आता तू एक घेऊन टाक ना. मी विचारलं होतं बाबांना. म्हणाले, ठेवशील कुठे, आणि बरोबर आहे, आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत वॅगनआरलाच जागा मिळताना मारामारी. शिवाय मी मालक झालो तर मागून दोरी घेऊन कोण येणार. दोरी यंदा नवीन घेतलीय, जाड, जुनी सायनच्या पुलावर तुटली.